बारावी टोपी

पुतण्याला सकाळी सहाला निघायचं होतं आणि मोटरसायकलचा क्लच दुपारपासून मऊ लागत होता. म्हणून तो दुकानं बंद व्हायच्या आत तेलाची बाटली घेऊन आला आणि जेवणं आटोपल्यावर अंगणातल्या दिव्याखाली, हँडलवरच्या छोट्या डबीचं झाकण उघडायला बसला. धाकटा भाऊ मोबाइलचा उजेड पाडत होता. बहीण पायरीवर बसून दोघांच्याही अकलेचे वाभाडे काढत होती.

त्यांचे थोरले काका, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, हात पुसत बाहेर आले. अण्णांनी चौतीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये काढली होती. निवृत्त झाले तरी बाटली दिसली की आधी लेबल वाचायची खोड गेली नव्हती. त्यांनी लेबल वाचलं आणि विचारलं, हेच तेल कशावरून?

पुतण्या म्हणाला, झाकणावर लिहिलंय की.

"आणि झाकण गाडीचंच आहे कशावरून?"

पुतणी हसली. धाकटा म्हणाला, अण्णा, झाकण काय शेजाऱ्याचं असणार का? अण्णा हसले नाहीत. त्यांनी बाटली पुतण्याच्या हातातून काढून घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि म्हणाले, गाडी उद्या वायसरला दाखव. सहाऐवजी आठला निघ. दोन तासांनी काही आभाळ कोसळत नाही.

मग खुर्ची ओढून बसले. किडे येतायत म्हणून दिवा मालवायला लावला. आणि अंधारात, कुणी विचारलं नसताना, त्यांनी जे सांगितलं ते असं.

गावाच्या टोकाला, जिथून घाटाचा जुना रस्ता वर चढू लागतो, तिथे एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. खाली गॅरेज, वर राहायच्या दोन खोल्या. माणूस अंगाने इतका किरकोळ की नटाखाली घातला तर बसेल, म्हणून सगळे त्याला वायसर म्हणायचे. बायकोसुद्धा चिडली की हेच म्हणायची. पण हात असा, की आजारी गाडी त्याच्या दारात उभी राहिली तरी तिला बरं वाटावं.

मोठ्या मोटरसायकलींच्या क्लचला हल्ली तार नसते, तेल असतं. वर बोटांनी लिव्हर दाबला की नळीतलं तेल खाली रेटलं जातं आणि क्लच सुटतो. नळीत हवा शिरली की लिव्हर दाबावा तर उशीत बोट घातल्यासारखं, आणि खाली काहीच पोचत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर लिव्हर दाबायचा आणि धरून ठेवायचा. दुसऱ्याने खाली बसून इंजिनाजवळचं बोटभर निपल, म्हणजे तेल सोडायची तोटी, किंचित उघडायचं, बुडबुडे नळीतून बाटलीत जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं, आणि मगच वरच्याला सोडायला सांगायचं. वरच्याने आधी सोडलं, तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात.

म्हणून वायसरकडे तीनच शब्द होते. दाब. धर. सोड. एरवी तो लहान मुलालाही अहो-जाहो करायचा, पण लिव्हरवर बसलेल्याला मानपान नाही. एकदा सासरेबुवा पाहुणे आले होते, त्यांना बसवलं. खालून ओरडला, धर. सासरेबुवांनी धरलं. मग याला चहाची हाक आली, हा विसरून वर गेला. अर्ध्या तासाने खाली येतो तो सासरेबुवा घामाघूम, पण लिव्हर धरलेला. "तुम्ही सोड म्हणाला नाहीत जावईबापू," म्हणाले. बायकोने ती गोष्ट वायसरला पुढे वीस वर्षं ऐकवली.

त्याची आणखी एक रीत होती. निपलवर धूळ बसू नये म्हणून करंगळीच्या नखाएवढी रबराची टोपी असते. ती काम करताना हमखास हरवते. म्हणून तो काम सुरू करताना ती टोपी लिव्हर धरणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा. मुठीत राहू द्या, काम झालं की मागतो. हरवलेल्या टोप्यांच्या जागी तो जुन्या ट्यूबच्या रबराच्या टोप्या स्वतः करायचा. पण काळ्या फरशीवर काळी टोपी, सापडायची कशी? तर एके दिवशी बायकोने खुर्ची रंगवली होती आणि डब्याच्या तळाशी जरासा पिवळा रंग उरला होता. वायसरने संध्याकाळी बारा टोप्या केल्या, पहिल्यांदाच पिवळ्या रंगात बुडवल्या, आणि वाळायला वर्तमानपत्रावर मांडून ठेवल्या. तीन-तीनच्या चार ओळी.

तारीखही सांगतो, म्हणाले अण्णा. डिसेंबरची अकरा. मंगळवार.

गावाला तेव्हा नळाचं पाणी रात्री दोनला यायचं. दोनला उठायचं, खाली जाऊन मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची, हे वायसरचं रोजचं काम. त्या रात्री तो उठला, शाल गुंडाळली, जिना उतरला. शटर कमरेपर्यंत उचललं, वाकून बाहेर आला, भिंतीवरचं बटण दाबलं. मोटर घरघरायला लागली. टाकी भरायला अर्धा तास. तो आत येऊन ट्यूबलाइट लावून स्टुलावर बसला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मान वर केली तर शटरच्या आत मोटरसायकल उभी.

शेजारी बर्फवाला.

बर्फवाला म्हणजे रक्तपेढीचा माणूस. एका गावच्या पेढीतून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या न्यायच्या, हे त्याचं काम. मागच्या सीटवर बर्फाचा पांढरा डबा पट्ट्याने बांधलेला, आणि माणूसही डोक्याने तसाच थंड. कधी हॉर्न नाही, कधी घाई नाही. वायसरचं जुनं गिऱ्हाईक. गाडी आल्याचा आवाज कसा आला नाही, असं वायसरच्या मनात आलं. मोटर चालू आहे ना, असं त्याने स्वतःलाच सांगितलं.

"भाऊ, एवढ्या रात्री?"

"क्लच गेला."

हेल्मेट डोक्यावर तसंच होतं, काच खाली. आवाज काचेमागून आल्यासारखा, बारीक. म्हणाला, डब्यात दोन पिशव्या आहेत. घाटापलीकडे दवाखान्यात एक बाई अडली आहे. चारच्या आत पोचायला हवं.

मग काय, वायसरची झोप उडाली. त्याने लिव्हर दाबून पाहिला. लिव्हर आत गेला आणि तिथेच राहिला. परत येईना. हे हवेचं लक्षण नव्हे. आतलं रबराचं सील फुगलं की असं होतं. त्याने वरच्या डबीकडे वाकून पाहिलं.

झाकण ओळखीचं होतं.

या गाडीच्या क्लचला मिनरल ऑइल लागतं. ब्रेक ऑइल घातलं तर चार-सहा तासांत सील फुगतात. ऑगस्टमध्ये या गाडीचं मूळ झाकण तडकलं होतं. वायसरने भंगारातल्या एका गाडीचं झाकण काढलं, चपखल बसलं, लावून टाकलं. त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ब्रेक ऑइल. त्याने बर्फवाल्याला तोंडी सांगितलंही होतं, लिहिलेल्यावर जाऊ नका भाऊ, खरं झाकण आलं की बदलतो. खरं झाकण सप्टेंबरमध्ये आलं. टेबलाच्या खणात पडून राहिलं. आज बदलू, उद्या बदलू. मग आठवणच गेली. दोघांचीही.

"भाऊ... यात तेल कधी घातलंत?"

"संध्याकाळी. मऊ लागत होता."

"कुठलं?"

"झाकणावर लिहिलंय ते."

वायसरने फळीवरचे डबे उघडून पाहिले. सील त्याच्याकडे नव्हतं. सकाळी दुकान उघडल्यावर मिळालं असतं. त्याने तसं सांगितलं. म्हणाला, डबा माझ्या स्कूटरवर टाकू, मी सोडतो तुम्हाला. बर्फवाल्याने मान हलवली. डबा गाडीला बांधलाय, म्हणाला. आधी क्लच.

तेव्हा वायसरने ठरवलं, निदान हे तेल काढून टाकू, योग्य तेल भरू, हवा काढू. देवाने दिलं तर घाट उतरण्यापुरता दाब येईल. त्याने योग्य तेल ओतलं, नळी आणि रिकामी बाटली घेतली, गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. निपलला टोपी नव्हती. त्याने वर्तमानपत्रावरची एक पिवळी टोपी उचलली, वर न बघता हात वर केला, आणि बर्फवाल्याच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"मुठीत राहू द्या. काम झालं की मागतो."

तळहात गार होता. डिसेंबरची रात्र. असणारच.

मग सवयीने त्याने इंजिनाला हाताची पालथी बाजू लावली. लांबून आलेली गाडी, चटका बसू नये म्हणून.

इंजिन विहिरीच्या कठड्यासारखं थंडगार होतं.

अण्णा इथे थांबले. धाकट्याने मोबाइलचा उजेड लावला, तर अण्णा म्हणाले, राहू दे रे. त्याने विझवला.

"दाब," वायसर म्हणाला.

वर लिव्हर हलल्याचा आवाज आला.

"धर."

त्याने निपल उघडलं. नळीतून काळपट तेल आलं. मागोमाग बुडबुडे. त्याने निपल बंद केलं.

"सोड."

पुन्हा. दाब. धर. बुडबुडे. सोड. दहा वेळा केलं. पंधरा वेळा. हवा काढताना बुडबुडे मोठ्याचे लहान होतात, मग मोहरीएवढे, मग संपतात. हे लहान होईनात. तेल किती घातलं, किती आलं, याचा मेळ बसेना. जणू नळीच्या वरच्या टोकाला कुणीतरी श्वास सोडत होतं.

वरून जिन्यातून बायकोची हाक आली. "अहो, कुणाशी बोलताय?"

"गिऱ्हाईक आहे."



वायसरने बोलायला म्हणून विचारलं, "भाऊ, कुठवर गेला होतात?"

"वळणापर्यंत."

"कुठल्या?"

"पाचव्या."

पाचवं वळण नऊ किलोमीटरवर. वरच्या बाजूला. वायसरने निपल बंद केलं. पाना हातात तसाच राहिला.

"मग... क्लच नसताना... परत कसे आलात?"



वायसरची नजर जमिनीवर होती. वर बघायचं धाडस होईना. समोर बर्फवाल्याचे पाय होते. उजव्या पायात बूट. डाव्या पायात नुसता मोजा. मोज्याला ओली माती. गवताची दोन पाती चिकटलेली.

"दाब," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

लिव्हर हलला.

"धर."

धरला.

निपल उघडलं. बुडबुडे. बुडबुडे. नुसते बुडबुडे.

"भाऊ," वायसर खालूनच म्हणाला, "झाकण मी लावलं होतं. खरं झाकण खणात आहे. तीन महिने. माझ्याकडून राहिलं..."



मोटरची घरघर. आणि मग वरून पाणी पडल्याचा आवाज. टाकी भरून वाहू लागली होती.

"अहो, पाणी चाललंय," बायको म्हणाली.

वायसरने निपल आवळलं. उठला. वर न बघता, पाठ फिरवून, शटरखालून वाकून बाहेर गेला. चार पावलं. बटण बंद केलं. मोटर थांबली. एकदम इतकं शांत झालं की कानात दडे बसल्यासारखं झालं. रस्ता समोर पसरला होता. मोकळा. त्याच्या बाजूने कुणी बाहेर पडलं नाही.

तो वाकून आत आला.

गाडी नव्हती.

बर्फवाला नव्हता.

फरशीवर बाटली होती. नळी होती. त्याने बाटली उचलली. कोरडी. नळी कोरडी. पाहा, मी झोपेत होतो, असं त्याने मनाशी म्हटलं आणि बरं वाटायच्या आत त्याचं लक्ष वर्तमानपत्राकडे गेलं.

टोप्या अकरा होत्या.

बाराव्या जागी कागदावर पिवळा गोल होता. टोपी नव्हती.

बायको खाली आली तेव्हा तो टेबलाखाली, स्टुलाखाली, पाण्याच्या बादलीमागे टोपी शोधत होता. वेड लागल्यासारखा. तिने विचारलं, कोण आलं होतं? मला तर तुमचाच आवाज येत होता. धर, सोड, धर, सोड. मधेमधे थांबत होतात, जणू कुणी उत्तर देतंय.

त्याने सगळं सांगितलं. झाकणाचंही. ती बाई साधी, देवभोळी. पण अशा वेळी साध्या माणसाची अक्कल जाग्यावर राहते. तिने भूत म्हटलं नाही की स्वप्न म्हटलं नाही. ती म्हणाली, "ती बाई अडली आहे म्हणाले ना? चारपर्यंत?"

"अगं पण आलंच नसेल कुणी तर?"

"तर सकाळी दोघं हसू. आत्ता निघा. देव वर बसलाय, तो बघतोय."

त्याने स्कूटर काढली. दोन पंचावन्नला निघाला. घाटाला नवा रस्ता झाल्यापासून जुन्यावर रात्री चिटपाखरू नसायचं. फक्त ज्याला पलीकडच्या दवाखान्यात लवकर पोचायचं असेल, तो यायचा. स्कूटरच्या दिव्यात पहिलं वळण गेलं. दुसरं. तिसऱ्याला त्याने देवाला म्हटलं, काही नसू दे, मला वेडा ठरव. चौथं गेलं.

पाचव्या वळणाच्या कठड्यावर एक बूट पडला होता. डाव्या पायाचा.

खाली पुरुषभर खोलीवर गवतात गाडी आडवी होती. डबा पट्ट्याने बांधलेला, जसाच्या तसा. पलीकडे बर्फवाला. वायसर घसरत खाली उतरला. हेल्मेटच्या काचेवर दव जमून ओघळ झाले होते. त्याने उजवं मनगट धरून पाहिलं. काही नव्हतं. कधीचं काही नव्हतं. सवयीने हात इंजिनाला लागला. विहिरीच्या कठड्यासारखं.

क्लच सुटला नाही, म्हणून वळणावर गाडी इंजिनाच्या जोराने पुढे गेली, एवढं वायसरला पोलिसांनी सांगायची गरज नव्हती. तो तिथे गवतात बसून रडला असता. पण रडायलाही वेळ नव्हता. त्याने दवाखान्याला फोन लावून अँब्युलन्स मागितली. मग पट्टा सोडवला. बर्फवाल्याला म्हणाला, "भाऊ, डबा मी नेतो." आणि डबा शालीत गुंडाळून पाठीला बांधला.

त्या रात्री लॅबमध्ये अण्णांचीच पाळी होती. साडेबारापासून ते बर्फवाल्याला फोन लावत होते. घंटा जात होती, कुणी उचलत नव्हतं. दुसऱ्या पेढीतून पिशव्या मागवल्या होत्या, त्या सहाच्या आधी येणार नव्हत्या, आणि डॉक्टरीणबाई दर दहा मिनिटांनी दारात येऊन नुसत्या बघून जात होत्या. तीन चाळीसला दारात वायसर उभा राहिला. गुडघ्यापर्यंत माती, पाठीवर डबा. बर्फ अजून शाबूत होता. अण्णांनी पिशव्या तपासल्या. 

ती बाई वाचली. लेकरूही. त्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे.

अँब्युलन्स बर्फवाल्याला घेऊन आली तेव्हा साडेपाच झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साडेअकराच्या सुमारास गेले असावेत, पडल्या पडल्या. त्रास झाला नसावा. तोवर वायसरने अण्णांना लॅबमध्ये बसून सगळं सांगून टाकलं होतं, चहाचा कप हातात धरून, एक घोट न घेता. माणूस दमलाय, घाबरलाय, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

सव्वासहाला बर्फवाल्याची बायको आली. सोबत दीर होता. ती रडली नाही. नवऱ्याच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसली आणि त्याचा हात हातात घ्यायला गेली. हात मिटलेला होता. घट्ट. उजवा हात सैल, मोकळा. डाव्याची चार बोटं आत वळलेली, जणू कशालातरी धरून आहेत. तिने एक-एक बोट उचलून पाहिलं. मग दिराने पाहिलं. वॉर्डबॉयने जरा जोर लावला, तर तिने त्याचं मनगट धरलं.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, शरीर ताठतं. उद्यापर्यंत आपोआप सैल होईल.

"उद्या हात कुठे असणार आहे?" ती म्हणाली.

वायसर दाराशी उभा होता. आत येऊन तिच्यासमोर हात जोडून म्हणाला, "वहिनी, झाकण मी लावलं होतं. चुकीचं. ते वाचून भाऊंनी..."

तिने त्याच्याकडे बघितलं.

"मला हे आत्ता नका सांगू," ती म्हणाली. "आत्ता हात तेवढा मोकळा करता येत असेल तर बघा. तुमचे हात कामाचे आहेत."

सगळ्यांना वाटलं, हा आता बोटं धरणार. त्याने हात लावला नाही. तो पलंगाच्या डाव्या बाजूला खाली उकिडवा बसला. गाडीशी बसायचा तसा. मान खाली. नजर फरशीवर. वर बघितलं नाही.

खोलीत कुणी हललं नाही.

आणि तो खालूनच, अगदी हळू, रोज म्हणायचा तसं म्हणाला...

"सोड."

आधी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग तिसरं. मग चौथं.

तिने दोन्ही हातांत तो हात घेतला. घेताना काहीतरी चादरीवर पडलं. वॉर्डबॉयला वाटलं, गोळी. अण्णांना वाटलं, बटण. वायसरने ते उचललं आणि मुकाट्याने अण्णांपुढे धरलं.

करंगळीच्या नखाएवढी रबराची टोपी. पिवळी.

अण्णांनी चष्मा पुसला. तळहात वाकून पाहिला. मधोमध पिवळा गोल उमटला होता. त्यांनी त्यावर बोट टेकवलं. रंग बोटाला लागला.

ओला होता.